कर्णधाराची शेवटची तपासणी

वाचकहो, अंतिम सामना कोणत्याही खेळाचा असो, त्याचा शेवट एकाच दृश्याने होतो. विजयी संघाचा कर्णधार चषक स्वीकारतो, तो दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उंच धरतो आणि मैदान जयघोषाने दुमदुमून जाते. ही प्रथा इतकी अंगवळणी पडली आहे की तिला आरंभ असेल, असे आपल्या मनातही येत नाही. तो आरंभ 29 जून 1958 रोजी स्वीडनमध्ये, स्टॉकहोमजवळच्या रासुंदा मैदानावर झाला, असे सामान्यतः मानले जाते. त्या दिवशी ब्राझीलने यजमान स्वीडनला 5-2 असे हरवून फुटबॉलचा विश्वचषक प्रथमच जिंकला होता. चषक जेमतेम 35 सेंटिमीटर उंचीचा. कर्णधार तो छातीशी धरून उभा होता, आणि मागे गर्दीत अडकलेल्या छायाचित्रकारांना तो दिसेना. ‘वर धरा, वर धरा’ असा त्यांनी गलका केला, तेव्हा त्याने चषक सरळ डोक्यावर उचलला. पुढे साऱ्या जगाने त्याचे अनुकरण केले.

त्या कर्णधाराचे नाव हिल्देराल्दो लुईस बेलिनी. 2014 साली, वयाच्या 83 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अखेरची कित्येक वर्षे त्यांना स्मृतिभ्रंशाने ग्रासले होते आणि निदान अल्झायमरचे होते. मृत्यूनंतर मेंदूची तपासणी झाली, तेव्हा मात्र त्या निदानात न बसणारी एक गोष्ट उघड झाली. आजच्या लेखाचा विषय तीच गोष्ट आहे. कारण ज्या घरात विस्मरणाचा रुग्ण आहे, त्या प्रत्येक घराशी तिचा संबंध पोहोचतो.

वीस वर्षांची वाटचाल

बेलिनी यांचा जन्म 7 जून 1930 रोजी साओ पाउलो राज्यातील इतापिरा या लहानशा गावी झाला. गावच्या संघातून त्यांचा खेळ सुरू झाला आणि 1952 मध्ये ते रिओ द जानेरोच्या ‘वास्को द गामा’ या नामांकित संघात आले. हे नाव वाचून गोव्याच्या वाचकांची भुवई उंचावेल. पोर्तुगीज स्थलांतरितांनी 1898 साली हा क्लब स्थापन केला, तेव्हा वास्को द गामाच्या हिंदुस्थान-प्रवासाला चारशे वर्षे होत होती. म्हणून क्लबाला त्याचे नाव मिळाले. गोव्यातील वास्को शहर आणि रिओतील हा क्लब एकाच दर्यावर्दीच्या नावाने ओळखले जातात. बेलिनी तेथे दशकभर खेळले. त्या काळात संघाने 1952, 1956 आणि 1958 साली रिओ राज्याचे विजेतेपद मिळवले. पुढे 1962 पासून ते साओ पाउलो क्लबाकडून खेळले आणि शेवटची दोन वर्षे अत्लेतिको पारानाएन्से या संघात घालवून, चाळिशीच्या उंबरठ्यावर, 1969 मध्ये निवृत्त झाले.

मैदानावर त्यांची जागा मधल्या बचावपटूची होती. ब्राझीलचा फुटबॉल म्हटला की आपल्याला पायांची जादू आठवते, परंतु बेलिनी यांच्या खेळात जादू नव्हती. उंचापुरा, बळकट देह, निर्भय झेप आणि धडकेला न कचरणारी वृत्ती, हे त्यांचे भांडवल होते. 1958 च्या त्या स्पर्धेत सतरा वर्षांच्या पेले यांचे गोल जगाला आठवतात. पण उपान्त्य फेरीपर्यंतच्या चार सामन्यांत ब्राझीलवर एकही गोल झाला नव्हता, हे सहसा कोणी सांगत नाही. त्या भिंतीत गोलरक्षक गिल्मार होते, नील्तन सांतोस होते, ओर्लांदो होते आणि मधोमध कर्णधार बेलिनी होते.

या विजयाचे मोल समजण्यासाठी आठ वर्षे मागे जावे लागते. 1950 साली रिओच्या माराकाना मैदानावर, स्वतःच्या घरच्या प्रेक्षकांपुढे, ब्राझीलने उरुग्वेकडून निर्णायक सामना गमावला होता आणि साऱ्या देशावर सुतक पसरले होते. ते दुःख 1958 ने पुसले. कृतज्ञतेपोटी 1960 मध्ये माराकानाच्या प्रवेशद्वारापाशी विश्वविजेत्यांच्या सन्मानार्थ पुतळा उभा राहिला: एका हाताने चषक उंचावलेला खेळाडू. त्याचा चेहरा बेलिनींसारखा नाही, असे लोक सांगतात; तरीही सारे त्याला ‘बेलिनीचा पुतळा’ म्हणूनच ओळखतात, आणि सामन्याला येणारे मित्र एकमेकांना तेथेच भेटतात.

1962 च्या चिलीतील स्पर्धेत त्यांची जागा आणि कर्णधारपद दोन्ही मावरो रामोस यांच्याकडे गेले. बेलिनी राखीव खेळाडू म्हणून संघात राहिले. ब्राझील पुन्हा जिंकला आणि मावरो यांनी चषक उंचावला, तो बेलिनी यांच्याच रीतीने. 1966 मध्ये इंग्लंडमध्ये ते पुन्हा मैदानात उतरले, पण त्या वेळी ब्राझील पहिल्याच फेरीत बाद झाला. वीस-एकवीस वर्षांची ही कारकीर्द कोणत्याही खेळाडूला अभिमान वाटावा अशी होती.

आजाराचे नाव आणि आजाराचे कारण

उतारवयात बेलिनी यांची स्मृती हळूहळू विरत गेली. लक्षणे अल्झायमरसारखी होती. वयही त्या आजाराचे होते. त्यामुळे निदान तसे झाले, यात नवल नाही. 20 मार्च 2014 रोजी साओ पाउलो येथे त्यांचे निधन झाले. तीन महिन्यांनी विश्वचषकाची स्पर्धा ब्राझीलमध्येच भरणार होती. त्यांच्या कुटुंबाने मेंदू संशोधनासाठी देण्याचे ठरवले. साओ पाउलो विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी त्याची सूक्ष्म तपासणी केली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये निष्कर्ष जाहीर झाला. मेंदूत ‘क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी’ या विकाराची चिन्हे होती. या लांबलचक नावाचे संक्षिप्त रूप सीटीई. डोक्याला वारंवार बसलेल्या धक्क्यांमुळे, अनेक वर्षांनंतर प्रकट होणारा मेंदूचा ऱ्हास, असा त्याचा साधा अर्थ सांगता येईल.

हा विकार वैद्यकशास्त्राला अगदी नवा नाही. 1928 मध्येच अमेरिकेत मुष्टियोद्ध्यांमध्ये त्याचे वर्णन झाले होते. निवृत्त मुष्टियोद्धे अडखळत चालतात, बोलताना त्यांची जीभ जड होते, बुद्धी मंदावते, हे डॉक्टरांच्या ध्यानी आले होते. परंतु तो ठोशांच्या खेळाचा शाप मानला गेला. फुटबॉल हा तर पायांचा खेळ, तेथे मेंदूला काय धोका, अशी समजूत दीर्घकाळ टिकली.

धक्क्याने मेंदूत काय घडते, हे थोडक्यात पाहू. मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगतो. डोके एकाएकी थांबले किंवा वळले, तर कवटी थांबते आणि आतील मऊ मेंदू क्षणभर पुढे सरकत राहतो. त्याच्यातील अतिसूक्ष्म तंतू ताणले जातात. या तंतूंना आधार देणारे टाऊ नावाचे एक प्रथिन असते. वारंवारच्या आघातांनंतर ते आपली जागा सोडून, गुठळ्यांच्या रूपाने, विशेषतः बारीक रक्तवाहिन्यांच्या भोवती साचू लागते. एका धक्क्याने हे होत नाही. माणूस बेशुद्ध पडलाच पाहिजे, असेही नाही. लहान लहान धक्के वर्षानुवर्षे साठत जातात, आणि खेळ थांबून कित्येक दशके लोटल्यावर त्यांची वसुली सुरू होते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अल्झायमरमध्येही टाऊ प्रथिन साचते, आणि वृद्ध मेंदूत एकाहून अधिक विकार एकत्र नांदणे ही सामान्य बाब आहे. त्यामुळे डॉक्टर चुकले, असा ठपका या कथेतून काढू नये. आजही सीटीईचे निश्चित निदान जिवंतपणी करता येत नाही. ते मृत्यूनंतर मेंदूच्या ऊतींच्या तपासणीनेच होते. शिकायचे आहे ते वेगळेच: आजाराला एक नाव मिळाले म्हणून त्याचे सारे कारण हाती आले, असे होत नाही.

बचावपटूच अधिक का?

बेलिनी यांच्या आधीही एक इशारा मिळाला होता. इंग्लंडचे आघाडीचे खेळाडू जेफ ॲस्टल हे डोक्याने चेंडू मारण्यात निष्णात होते. 2002 मध्ये, अवघ्या 59 व्या वर्षी, स्मृतिभ्रंशाने त्यांचा मृत्यू झाला. मृत्यूच्या कारणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने त्याची नोंद ‘व्यवसायजन्य आजार’ अशी केली. खाणकामगाराला धुळीमुळे फुप्फुसाचा विकार जडावा, तसा या खेळाडूला त्याच्या कामामुळे मेंदूचा विकार जडला, असा त्याचा अर्थ होता. पुढे 2014 मध्ये त्यांच्या मेंदूची फेरतपासणी झाली, तेव्हा सीटीईचेच निदान झाले.

एकेका व्यक्तीच्या कहाणीवरून नियम मांडता येत नाही. त्यासाठी मोठी मोजणी हवी. ती ग्लासगो विद्यापीठातील संशोधकांनी केली. स्कॉटलंडमधील 7,676 माजी व्यावसायिक फुटबॉलपटू आणि त्याच वयोगटातील सुमारे 23,000 सामान्य नागरिक यांच्या मृत्यूच्या नोंदी त्यांनी पडताळल्या. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की मेंदूच्या ऱ्हासाचे आजार हे मृत्यूचे प्रमुख कारण असण्याचे प्रमाण खेळाडूंत 1.7 टक्के, तर इतरांत 0.5 टक्के होते. वय आदी बाबी जमेस धरता ही जोखीम सुमारे साडेतीन पट ठरली.

2021 मध्ये याच गटाने खेळाडूंची मैदानावरील जागा लक्षात घेतली. गोलरक्षकांमधील जोखीम सामान्य नागरिकांच्या जवळपास होती. सर्वाधिक, म्हणजे सुमारे पाचपट जोखीम बचावपटूंत होती. कारकीर्द जितकी दीर्घ, तितकी जोखीम अधिक, असेही आढळले. स्वीडनमध्ये सहा हजारांहून अधिक अव्वल खेळाडूंचा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे वाढ कमी, म्हणजे दीडपट होती. पण दिशा तीच होती, आणि गोलरक्षक तेथेही सुरक्षित होते.

गोलरक्षक चेंडू हातांनी अडवतो. बचावपटू मात्र समोरून उंच येणारा प्रत्येक चेंडू डोक्याने परतवतो, आणि त्या प्रयत्नात दुसऱ्याच्या डोक्यावर, कोपरावर, कधी गोलखांबावर आदळतो. एक हिशेब उदाहरणादाखल मांडून पाहू. समजा, सराव व सामने मिळून एखाद्या खेळाडूने आठवड्याला 30 वेळा डोक्याने चेंडू मारला आणि वर्षाचे 40 आठवडे तो खेळला. तर वीस वर्षांत ती संख्या 24,000 होते. शिवाय बेलिनी यांच्या काळी विश्वचषकात बदली खेळाडूची सोय नव्हती. ती 1970 मध्ये आली. डोक्याला मार बसलेल्या खेळाडूने मैदान सोडले, तर संघ दहा जणांचा उरे. अशा वेळी कर्णधाराने काय केले असेल, हे सांगायला नको. तोंडावर पाणी मारून उभे राहणे, यालाच मर्दुमकी म्हटले जाई.

सर्वांच्याच वाट्याला हे आले नाही, हेही सांगितले पाहिजे. त्याच 1958 च्या संघातील नील्तन सांतोस यांना अखेरीस अल्झायमरने गाठले. पण अंतिम सामन्यात गोल करणारे मारिओ झगालो पुढे कित्येक दशके प्रशिक्षक म्हणून मैदानाशी जोडलेले राहिले आणि 92 वर्षे जगले. स्कॉटलंडच्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखवली: माजी खेळाडूंत हृदयविकाराने आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सामान्यांपेक्षा कमी होते. व्यायामाने दिलेले दान खरे आहे, तसेच डोक्यावरील आघातांनी घेतलेले मोलही खरे आहे.

आयुष्याची नोंदवही

आपण म्हणाल, आमच्या घरात कोणी विश्वविजेता नाही. मग हे आम्हाला कशासाठी? कोल्हापूरच्या पेठांत आणि गोव्याच्या गावांत फुटबॉलवर जीव ओवाळणारी घरे आहेत, त्यांना हा प्रश्न पडणार नाही. पण डोक्यावरचे आघात फुटबॉलपुरते नसतात. तरुणपणी कबड्डीत डोकी आपटलेली असतात, दुचाकीवरून पडणे झालेले असते, बांधकामावर किंवा कारखान्यात अपघात झालेला असतो. ‘तेव्हा टाके पडले, पण आठ दिवसांत कामावर गेलो,’ असे म्हणून माणूस ते विसरतो. चाळीस वर्षांनी स्मृती ढासळू लागते, तेव्हा सांगणाराच विसरलेला असतो, आणि मुलांना ते कधी ठाऊकच नसते.

म्हणून आपणास एक विनंती आहे. घरातील ज्येष्ठांची आठवण शाबूत असतानाच एक छोटी नोंदवही तयार करा. तिच्यात पुढील गोष्टी असाव्यात:

आजवर केलेली कामे व खेळ, आणि ते किती वर्षे केले;
डोक्याला मार लागल्याचे प्रसंग, अंदाजे साल, शुद्ध हरपली होती का;
झालेल्या शस्त्रक्रिया, रक्तदाब, मधुमेह, पक्षाघात, फिट यांचा इतिहास;
सध्याच्या सर्व गोळ्या, झोपेच्या गोळ्यांसह;
ऐकू येणे व दृष्टी यांतील बदल;
आणि विसराळूपणा किंवा स्वभावातील बदल प्रथम कधी व कसा जाणवला.

स्मृतीची तक्रार घेऊन डॉक्टरांकडे जाताना ही वही बरोबर न्या. तीमुळे सीटीईचे निदान होईल, असे नाही. परंतु डॉक्टरांना विचार करण्याची योग्य दिशा मिळते. आणखी एक महत्त्वाची गोष्ट अशी की विस्मरणाची काही कारणे दुरुस्त होण्याजोगी असतात. थायरॉइडचे न्यून, बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, काही औषधांचा परिणाम, मेंदूतील द्रवाचा साठा, मेंदूच्या आवरणाखाली साकळलेले रक्त, यांचा शोध आधी घ्यावा लागतो. ‘वय झाले, आता असेच चालायचे,’ हे निदान घरच्या घरी करू नये.

पडल्यानंतरचे दिवस

ज्येष्ठांच्या बाबतीत जुन्या आघातांपेक्षा नव्या आघाताचा धोका अधिक तातडीचा असतो. वयानुसार मेंदू किंचित आक्रसतो. त्यामुळे मेंदू व कवटी यांच्यामधील शिरा ताणलेल्या राहतात. न्हाणीघरात पाय घसरून डोके भिंतीला लागले, एवढेही त्या शिरेतून झिरपा सुरू होण्यास पुरते. रक्त हळूहळू साकळते आणि लक्षणे कित्येक दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी दिसू लागतात. तोवर पडल्याची गोष्ट घरचे विसरलेले असतात.

डोक्याला मार लागल्यानंतर वाढती डोकेदुखी, उलट्या, गुंगी, असंबद्ध बोलणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, फिट, अथवा चालताना तोल जाणे यांपैकी काहीही दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असेल, तर लक्षणांची वाट न पाहताच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. आणि ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. न्हाणीघरात पकडायला दांडा, घसरणार नाही अशी फरशी, रात्री पाऊलवाटेवर मंद दिवा, पायाला घट्ट बसणारी चप्पल, आणि सैल सतरंज्यांना निरोप, या गोष्टी खर्चाच्या मानाने फार मोठे काम करतात.

स्वभाव बदलतो तेव्हा

सीटीईमध्ये आणि इतर स्मृतिभ्रंशांतही कधी कधी विस्मरणाच्या आधी स्वभाव बदलतो. आयुष्यभर शांत असलेले आजोबा क्षुल्लक कारणावरून संतापतात, संशय घेतात, भरवलेला घास दूर सारतात. सून आणि मुलगा दुखावतात. आजींना वाटते, एवढी वर्षे संसार केला, त्याचे हेच का फळ? अशा वेळी कृपया हे ध्यानात ठेवा की मेंदूचा जो भाग रागाला लगाम घालतो, तोच आजाराने दुबळा झालेला असतो. हट्ट करणारा माणूस आपल्याला त्रास देण्यासाठी हट्ट करत नसतो. वाद घालून त्याला पटवून देता येत नाही. विषय बदलता येतो, आवाज हळू ठेवता येतो, दिवसाचा क्रम एकसारखा ठेवता येतो. बदल एकाएकी झाला असेल, तर मात्र जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, वेदना किंवा औषधाचा परिणाम आहे का, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे.

आणखी एक सवय सोडण्याजोगी आहे. भेटीला आलेला प्रत्येक नातेवाईक विचारतो, ‘ओळखलंत का मला?’ रुग्णाच्या दृष्टीने ती परीक्षा असते आणि तो रोज नापास होतो. त्याऐवजी, ‘आजोबा, मी तुमच्या धाकट्या बहिणीचा नातू,’ असे आपणच सांगावे. जुनी छायाचित्रे दाखवताना प्रश्न विचारू नयेत. आपणच गोष्ट सांगावी. ज्याने आयुष्यभर शेत केले, त्याच्या हाती मूठभर शेंगा सोलायला द्याव्यात. जो मैदानावर रमला, त्याच्या शेजारी बसून सामना पाहावा. निकाल त्याच्या ध्यानात राहणार नाही. सोबत लाभल्याचे समाधान मात्र चेहऱ्यावर दिसेल.

आणि काळजीवाहकांनो, आपल्यासाठीही एक शब्द. हा आजार वर्षांनुवर्षे चालतो. सारा भार एकाच सुनेवर किंवा एकट्या पत्नीवर टाकला, तर एका रुग्णाचे दोन होतात. आठवड्यातील काही तास दुसऱ्या कोणी सांभाळावे, हे घरात बसून ठरवा. विश्रांती मागणे म्हणजे मायेत उणे पडणे नव्हे.

नातवंडांचा खेळ

हे वाचून नातवाला मैदानावरून घरी आणावेसे वाटले, तर तसे करू नका. खेळ हवाच, त्याचे नियम शहाणे व्हायला हवेत, आणि ते होत आहेत. अमेरिकेतील फुटबॉल संघटनेने 2015 मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना डोक्याने चेंडू मारण्यास मनाई केली. 2020 मध्ये इंग्लंड, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड येथे प्राथमिक वयाच्या मुलांच्या सरावातून हेडर वगळण्याच्या सूचना निघाल्या. मेंदूला हादरा बसलेल्या खेळाडूसाठी अतिरिक्त बदली खेळाडू देण्याचा प्रयोग 2021 पासून सुरू झाला. आपण आजी-आजोबांनी प्रशिक्षकांना एवढे जरूर विचारावे: डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवता का? उत्तर ‘नाही’ असेच हवे. दुचाकीवर मागे बसणाऱ्या नातवाच्या डोक्यावर शिरस्त्राण हवे, आणि आजोबांच्याही.

स्मृतिभ्रंश टाळण्याची हमी कोणी देऊ शकत नाही. पण 2024 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने बदलता येण्याजोगे 14 धोके सांगितले आहेत. डोक्याची दुखापत त्यांपैकी एक. बहिरेपणा, न सुधारलेली दृष्टी, उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, एकाकीपणा हे त्यांतलेच. श्रवणयंत्र वापरायला लाजणाऱ्या आजोबांना हे वाक्य मोठ्याने वाचून दाखवावे.

1958 साली बेलिनी यांनी उंचावलेला तो चषक ब्राझीलने 1970 मध्ये तिसऱ्यांदा जिंकून कायमचा आपलासा केला, आणि 1983 मध्ये तो रिओतून चोरीला गेला. तो पुन्हा सापडला नाही. त्या चषकाचा धनी आपली स्मृतीही गमावून गेला. मात्र त्याच्या कुटुंबाने एका कठीण क्षणी जो निर्णय घेतला, त्यामुळे त्याच्या आयुष्याबद्दलची एक खरी गोष्ट जगाला कळली. आपल्याकडे नेत्रदान आणि देहदान यांविषयी आता मोकळेपणाने बोलले जाते. मेंदूदानाविषयी फारसे बोलले जात नाही. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेत मेंदूपेढी आहे, आणि इच्छा असल्यास घरच्यांनी वेळीच चौकशी करून ठेवावी. हा निर्णय प्रत्येकाने आपल्या श्रद्धेनुसार घ्यावा. त्यात आग्रह नसावा.

नोंदवही मात्र आजच सुरू करता येईल. संध्याकाळच्या चहाच्या वेळी घरातील ज्येष्ठांजवळ बसावे आणि विचारावे, ‘तुम्ही लहानपणी काय काय खेळलात? कुठे कुठे पडलात?’ उत्तरे लिहून घ्यावीत. डॉक्टरांच्या उपयोगी पडतील ती पडतीलच. ती संध्याकाळही चांगली जाईल.